गाडीतल्या नकाशाचे फेरफार

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, कल्याण

ताईचा फोन आला. भाचीचा साखरपुडा २३ तारखेला, छत्रपती संभाजीनगरला. "आदल्या दिवशीच ये, आणि समृद्धीनं ये. कसाऱ्याच्या घाटात अडकू नकोस," असं तिनं बजावून सांगितलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन गाडीतला नकाशा उघडून बसलो. भिवंडी दिसते, आमणे गाव दिसतं, पण आमण्याहून निघणारा सहा पदरी समृद्धी महामार्ग कुठेच नाही. गाडी २०१९ ची, नकाशाही तेव्हाचाच. त्यानंतर महाराष्ट्राची जमीन किती बदलली! नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. सगळा मिळून ७०१ किलोमीटरचा रस्ता. मधल्या काळात, १२ जानेवारी २०२४ ला, २१.८ किलोमीटरचा अटल सेतू समुद्रावर उभा राहिला. यातलं काहीच माझ्या गाडीला ठाऊक नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. जमिनीत बदल झाला की फेरफार झाला पाहिजे, नाहीतर कागद एक सांगतो आणि शेत दुसरंच. तंटे तिथूनच सुरू होतात. गाडीतल्या नकाशालाही हाच नियम लागू आहे. जाण्याआधी तो अद्ययावत करायचा, आणि घरीच.

रविवार, ९ नोव्हेंबर

लेक म्हणाली, "बाबा, फोनवर ताजा नकाशा असतो की. एवढा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. वाहतूक कुठे तुंबली आहे, हे फोन फार चांगलं सांगतो आणि मीही त्याचा उपयोग करतो. पण गाडीतल्या यंत्राचं एक बळ वेगळं आहे, ते तिला समजावून सांगितलं.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि तो आपली वेळ सतत सांगत राहतो. गाडीतला ग्राहक निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतरं काढतो. वेळेत सेकंदाच्या दहालक्षांशाची चूक झाली, तर जमिनीवर ३०० मीटरची चूक होते. पण हे संदेश फार क्षीण असतात. डोंगराच्या पोटात ते पोहोचत नाहीत. समृद्धीवर इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. ताशी ८० च्या वेगानं गेलं, तर सहा मिनिटं आकाशाशी संबंध नाही. तिथे गाडीतलं यंत्र चाकांच्या फेऱ्या मोजतं, गाडी किती वळली हे जायरोस्कोपकडून घेतं आणि आपली जागा स्वतःच काढत राहतं. चाकांचा हा हिशेब सहसा फोनपर्यंत जात नाही.

ही पद्धत गाड्यांत उपग्रहांचा वापर सुरू होण्याच्याही आधीची. होंडानं १९८१ मध्ये जपानात गाडीत बसवलेल्या दिशादर्शकात उपग्रह नव्हताच. पारदर्शक नकाशाच्या तावावर गाडीची जागा दिसायची आणि ती जायरोस्कोप व चाकांच्या अंतरावरून काढलेली असायची. उघड्या रानात साखळी ओढत मोजणी केलेल्या माणसाला यातलं कौशल्य लगेच उमगतं.

पण या सगळ्या हिशेबाखाली रस्ताच नसेल, तर त्याचा उपयोग नाही. उपग्रहांवरून मिळालेली जागा काही मीटर इकडेतिकडे असते, म्हणून यंत्र ती जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवतं. खरा रस्ता नकाशात नसेल, तर ते शेजारच्या गावरस्त्यावर बसवतं आणि पूर्ण खात्रीनं चुकीचं वळण सांगतं. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. अशा वेगात इंटरचेंजच्या तोंडाशी चालकाचा गोंधळ उडणं जिवावर बेतू शकतं. माझ्या लेखी नकाशाचं अपडेट हे टायरमधल्या हवेइतकंच सुरक्षेचं काम आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सर्व्हिस सेंटरला विचारलं. गाडी दिवसभर ठेवा, पैसे वेगळे पडतील, असं उत्तर मिळालं. ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी ती सोय ठीक आहे. मी गाडीचं माहितीपुस्तक काढून बसलो.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. पडद्यामागे दोन वेगळ्या चिजा असतात: यंत्र चालवणारी प्रणाली आणि तिच्यावर वाचला जाणारा नकाशा. दोन्हींच्या आवृत्त्या वेगळ्या, अपडेटही वेगळी. नवा नकाशा जुन्या प्रणालीला वाचता येईलच असं नाही, म्हणून माझ्या गाडीच्या पुस्तकात आधी प्रणाली आणि मग नकाशा असा क्रम दिला आहे. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही आवृत्त्यांचे आकडे पाहिले, फोटो काढून ठेवले. उद्या काही अडलं, तर सांगायला पुरावा हवा.

कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर टाकल्यावर दोन्ही अपडेट दिसली. तिथली एक अट मला आवडली. पेनड्राइव्ह आधी गाडीत लावायचा. गाडी त्यावर स्वतःची ओळख आणि आवृत्ती लिहिते. मग तो संगणकाला जोडायचा. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलची फाइल चुकून पदरात पडत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजचा दिवस पेनड्राइव्हचा. गाडीला एफएटी-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला ड्राइव्ह लागतो. या पद्धतीत एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, म्हणून नकाशा अनेक तुकड्यांत येतो. सगळे तुकडे त्यांच्या फोल्डरच्या रचनेसकट जसेच्या तसे उतरवायचे. नावं बदलायची नाहीत. विंडोजमधल्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हला हा पर्याय मिळत नाही, त्यामुळे नवा ३२ जीबीचाच ड्राइव्ह आणला. लग्नाचे फोटो, गाणी, शाळेचे प्रकल्प असलेला घरातला जुना ड्राइव्ह या कामाला वापरू नये.

फाइल रात्रभर उतरत राहिली. सकाळी तिची पडताळणी केली. कंपनीनं फाइलसोबत ठरलेल्या सूत्रानं काढलेला ६४ अक्षरांचा एक संकेतांक दिलेला असतो. आपल्या संगणकावर त्याच सूत्रानं तो काढायचा आणि जुळवायचा. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी हा संकेतांक पार बदलून जातो. मोजणीनंतर क्षेत्र पुन्हा जुळवून पाहण्याची सवय इथे कामी आली.

लेकीनं विचारलं, कुठूनतरी फुकट नकाशा मिळतो म्हणतात, तो का नको? तिला २०१५ ची हकिकत सांगितली. त्या जुलैत अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी दूर बसून, इन्फोटेनमेंटच्या वाटेनं, धावत्या जीप चेरोकीत शिरकाव करून दाखवला. गाणी लावणारा डबा गाडीच्या आतल्या जाळ्याशी जोडलेला असतो, म्हणून त्या वाटेनं इंजिन आणि ब्रेकपर्यंत जाता आलं. जीप बनवणाऱ्या कंपनीला सुमारे १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला आणि मालकांना दुरुस्तीचे यूएसबी ड्राइव्ह टपालानं पाठवले गेले. त्यावरही जाणकारांनी हरकत घेतली: टपालानं आलेला ड्राइव्ह विश्वासानं गाडीत खुपसायची सवय लागली, तर उद्या भामटाही तसाच ड्राइव्ह पाठवील. म्हणून फाइल अधिकृत ठिकाणचीच घ्यायची. कंपनीची डिजिटल स्वाक्षरी न जुळणारी फाइल गाडी नाकारत असेल, तर ते आपल्याच संरक्षणासाठी आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी रस्ते रिकामे असताना गाडी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या मैदानात नेली. हे काम तळघरातल्या किंवा बंद पार्किंगमध्ये करायचं नाही, कारण इंजिन चालू ठेवावं लागतं आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. इंजिन चालू का, तर बॅटरीसाठी. भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. नुसत्या इग्निशनवर पडदा बराच वेळ चालला की ती उतरते. प्रणाली लिहिली जात असताना वीज तुटली, तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. एसी, दिवे बंद केले. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोयही बंद केली. हँडब्रेक ओढला.

आधी प्रणाली. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, पुन्हा काळा झाला. अशा वेळी हात आवरणं हेच मुख्य काम. ड्राइव्ह ओढायचा नाही, बटण दाबायचं नाही, गाडी बंद करायची नाही. काही नव्या यंत्रांत प्रणालीसाठी दोन कप्पे असतात. नवी आवृत्ती रिकाम्या कप्प्यात लिहिली जाते आणि ती नीट सुरू झाली तरच जुनी सुटते. आपल्या गाडीत तशी सोय आहे की नाही हे ठाऊक नसेल, तर नाही असंच धरून वागावं.

मग नकाशा. याला बराच वेळ लागला. लेक थर्मासमधून चहा घेऊन आली आणि आम्ही गाडीबाहेर सावलीत बसलो. पट्टी पूर्ण भरल्यावर दोन्ही आवृत्त्यांचे आकडे मंगळवारच्या फोटोंशी ताडून पाहिले. बदलले होते.

काम इथे संपत नाही. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, ब्लूटूथवरचा फोन, घड्याळ, सगळं एकेक तपासलं. जोडलेल्या फोनची यादी साफ केली. कधीकाळी जोडलेल्या पाहुण्यांचे संपर्क त्यात पडून असतात. 'घर' म्हणून स्वतःचं दार न नोंदवता जवळचा चौक नोंदवला. गाडी कुणाच्या हाती पडली, तर तिनं त्याला थेट आपल्या उंबऱ्यावर आणू नये.

मग नकाशा मोठा करून आमणे शोधलं. रस्ता होता. तिथून इगतपुरी, सिन्नर, शिर्डी करत तो बोटानं थेट नागपूरपर्यंत पाहिला. लेकीला म्हटलं, एवढ्या ओळीमागे १० जिल्ह्यांतल्या ३९२ गावांची जमीन आहे. तिच्या मोजण्या कुणीतरी उन्हातान्हात उभं राहून केल्या आहेत. तो रस्ता नकाशात न दिसणं मला सहन होत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आजची तारीख मुद्दाम लिहून ठेवतो. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत बसवलेला आहे, म्हणून तो १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. गणना ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये हा फेरा पूर्ण झाला. पुढचा आजपासून १३ वर्षांनी, ग्रीनिच वेळेनुसार २० नोव्हेंबर २०३८ च्या मध्यरात्री. त्यासाठी तयारी नसलेली यंत्रं त्या दिवशी जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतील. आज विकली जाणारी कितीतरी वाहनं तेव्हाही रस्त्यावर असतील.

आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मग तिच्या प्रणालीची आणि नकाशाची काळजी किती वर्षं घेतली जाईल, हे विक्रीच्या वेळी लेखी का मिळू नये? गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅग विचारतो. हाही प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि अपडेट घरी करता येतं का, हेसुद्धा.

शनिवार, २२ नोव्हेंबर, छत्रपती संभाजीनगर

सुखरूप पोहोचलो. इगतपुरीच्या बोगद्यात शिरल्यावर लेकीच्या फोनवरचा ठिपका अडखळला. गाडीतला बाण पुढे सरकत राहिला आणि बाहेर पडलो तेव्हा आपल्या जागी होता. शहरासाठी आधी माळीवाड्याचा आणि पुढे सावंगीचा असे दोन इंटरचेंज आहेत. कुठे उतरायचं, हे गाडीनं वेळेवर सांगितलं.

ताईच्या वसाहतीतला नवा रस्ता मात्र या नकाशातही नाही. शेवटचं वळण दाजींनी फोनवरून सांगितलं. जेवताना भाच्यानं जानेवारी २०२१ मधला अकोले तालुक्यातला अपघात काढला. रात्री कळसूबाईकडे निघालेली गाडी फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि एकाचा जीव गेला. दरवर्षी काही महिने तो पूल पाण्याखाली असतो, हे गावकऱ्यांना ठाऊक होतं. नकाशा ताजा असला, तरी समोरचा रस्ता डोळ्यांनी पाहायचा आणि शंका आली की थांबून माणसाला विचारायचं, हे भाच्याला पुन्हा सांगितलं.

त्यानं आपली गाडी दाखवली. तिचा नकाशा २०२१ चा. सोमवारी तिच्या आवृत्त्यांचे आकडे लिहून घ्यायचं ठरलं आहे. ड्राइव्ह मी सोबत आणला आहे, पण हात त्याचे चालतील; मी शेजारी बसेन.