कडेमकाठचा बाजार आणि दूरची आगगाडी

आदिलाबाद जिल्ह्यात हत्नूर नावाची दोन गावे आहेत. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लागते ते गुडीहत्नूर, आणि त्याच रस्त्यावर पुढे इच्चोड्यापाशी आत वळल्यावर भेटते ते बाजारहत्नूर. तेलुगूत गुडी म्हणजे देऊळ. एका हत्नूरने देवळाचे नाव लावून घेतले आणि दुसऱ्याने बाजाराचे. देवळाच्या गावी प्रवासी थांबतो. बाजाराच्या गावी कामाशिवाय कोणी जात नाही. आम्ही मात्र या खेपेस बाजाराचेच हत्नूर पाहावयाचे ठरवून निघालो. चैत्र लागला होता, मोहाची फुले गळू लागली होती, आणि आमच्या मनात तीन गोष्टींची सांगड घालावयाची होती : नदी, मोह आणि आगगाडी.

घराघरांतून वाचल्या जाणाऱ्या मासिकात मद्याची गोष्ट कशास हवी, असे काही वाचकांस वाटेल. त्यांना आमची एवढीच विनंती की त्यांनी शेवटपर्यंत यावे. या मुलखात मराठी माणूस कसा आला आणि कसा राहिला, हे मोहाच्या झाडाला वगळून सांगता येत नाही.

इच्चोडा मागे पडला की रस्ता काळ्या रानांतून जातो. कापूस वेचून झालेली पऱ्हाटी काही शेतांत अजून उभी असते. मग सागाची पानगळ झालेली झाडे दिसू लागतात आणि त्यांच्यामध्ये मोठ्या घेराचे, एकटे उभे असलेले मोह. शेत काढताना साग तोडला जातो, पण मोह ठेवला जातो. आजूबाजूचे डोंगर सातमाळ्याच्या रांगेतले. फार उंच नाहीत, परंतु पाणी अडवून धरण्याइतके दाट.

याच परिसरात कडेम नदी उगम पावते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून ही नदी आहे असे म्हणण्यास धीर लागतो. वाळू, गोटे, मधूनच एखादा डोह, आणि डोहावर भांडी घासणाऱ्या बायका. पण हीच नदी पुढे नेरडीगोंड्याच्या जंगलात कुंटाळा येथे सुमारे १४७ फूट खाली उडी घेते आणि तेलंगणातील सर्वांत उंच धबधबा म्हणून नाव मिळविते. त्याच्याही पुढे, आता निर्मल जिल्ह्यात गेलेल्या भागात, तिच्यावर धरण आहे. त्या धरणाचा बांध १९९५ च्या पुरात फुटला, आणि जुलै २०२२ मध्ये पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागल्यावर खालच्या गावांतील लोकांना घाईघाईने हलवावे लागले. शेवटी ती गोदावरीस मिळते. बाजारहत्नूरच्या मंडलातच गिरनूरजवळ कनकाईचा धबधबा आहे; पावसाळ्यात येणाऱ्यांनी तो चुकवू नये.

बाजाराच्या दिवशी गाव फुगते. वाणसामान, मिरच्या, बांगड्या, दोरखंड, विळे, मातीची मडकी. येथील बाजाराची खरी मौज कानांना आहे. दुकानदार तेलुगूत भाव सांगतो, गिऱ्हाईक मराठीत तो पाडते, पलीकडे दोन गोंड बाया आपसांत गोंडीत बोलत असतात, बंजारा तांड्यावरची माणसे गोरमाटीत, आणि उधारीचा हिशेब मात्र दख्खनी उर्दूत पुरा होतो. शुद्ध मराठी ऐकावयास आलेल्याची येथे निराशा होईल. जिवंत मराठी ऐकणाऱ्याची होणार नाही.

बाजार उतरणीला लागला की पूर्वी पावले दोन ठिकाणी वळत. एक म्हणजे शिंदीच्या झाडांखालचा, डोहाच्या वा ओढ्याच्या आसऱ्याचा सेंदीखाना. शिंदीच्या शेंड्यापाशी संध्याकाळी खाच पाडून मडके बांधावयाचे आणि पहाटे उतरवावयाचे. सूर्य वर येण्यापूर्वी तो रस गोड नीरा असतो, दुपारपर्यंत आंबतो आणि तिसऱ्या प्रहरी डोक्यात जातो. दुसरे ठिकाण कलालाचे दुकान. तेथे मोहाची मिळे.

मोहाची रीत आम्ही या खेपेस सावकाश पाहिली. फाल्गुन-चैत्रात झाडाची पाने झडून गेलेली असतात आणि पहाटेच्या गारव्यात फुलांच्या पाकळ्यांचे रसाळ, फिकट पिवळे घोस टपटप गळतात. झाडाखालची जमीन आधी झाडून, पाचोळा पेटवून मोकळी केलेली असते. उजाडण्यापूर्वीच बायका-मुले टोपल्या घेऊन हजर. फुले उन्हात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. दुष्काळात हीच फुले भाजून, शिजवून माणसांनी दिवस काढले आहेत. पुढे फळाच्या बियांतून तेल निघते. दारू हा या झाडाचा एक उपयोग : फुले पाण्यात काही दिवस आंबवायची, मडके चुलीवर चढवायचे आणि वाफ थंड करून थेंब थेंब धरायचे. गोंडांच्या पूजेत पहिली धार देवाची असते. पेर्सा पेन या कुलदेवतेपुढे, जन्माला, लग्नाला, मयताला मोहाची धार सोडल्याशिवाय विधी पुरा होत नाही. जे देवापुढे सांडावयाचे ते घरी गाळलेले असावे, ही त्यामागची साधी समजूत.

येथे आम्हांस एका शब्दाने थांबविले. इंग्रजांच्या देशात नदीकाठच्या जुन्या मद्यगृहांना मोठा मान आहे. लंडनमध्ये थेम्सच्या काठी रॉदरहाइथ येथे ‘मेफ्लॉवर’ नावाचे असे एक घर आहे. त्याच्या जवळूनच ब्रुनेल पितापुत्रांनी नदीखालून काढलेला, १८४३ साली खुला झालेला बोगदा जातो आणि १८६९ पासून त्यातून आगगाड्या धावू लागल्या. नावाडी, खलाशी, रेल्वेचे कामगार अशा घरांतून एकत्र बसत. ‘पब’ हा शब्दच मुळी ‘पब्लिक हाउस’चा संक्षेप, म्हणजे सर्वांचे घर. आपल्याकडे त्याच जागेला काय म्हणतात? गुत्ता. आणि गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. सरकारने लिलाव पुकारावा, ज्याची बोली मोठी त्याने गुत्ता घ्यावा, आणि भरलेली रक्कम पिणाऱ्याकडून वसूल करावी. एका भाषेत जागेला बसणाऱ्यांचे नाव मिळाले, दुसरीत वसूल करणाऱ्याचे. या मुलखाचा शंभर वर्षांचा इतिहास त्या फरकात सामावला आहे.

निजामाच्या राज्यात जमीन महसुलाबरोबर आबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. फसली १३१६, म्हणजे इसवी १९०७ च्या सुमारास, हैदराबादचा आबकारी कायदा झाला. जंगलातला मोह तोच राहिला, चूल तीच राहिली. परंतु घरी गाळणे गुन्हा ठरले आणि गुत्तेदाराच्या दुकानातून विकत घेणे कायदेशीर झाले. रोख पैसा ज्यांच्या हाती क्वचित पडे, त्यांना देवापुढची धारही उधार घ्यावी लागली. उधारी धान्यात फिटली नाही तर बैलात, आणि बैलात फिटली नाही तर जमिनीत. गुत्तेदार आणि सावकार बऱ्याच ठिकाणी एकाच ओसरीवर बसत.

आता आगगाडीकडे वळू. बाजारहत्नूरला रेल्वे नाही. शिट्टीही ऐकू येत नाही. पण या गावाचे दैव रेल्वेने कमी घडविले नाही. निजाम स्टेट रेल्वेच्या मनमाड–सिकंदराबाद या मीटरगेज मार्गावरून मुदखेड येथे एक फाटा निघाला आणि भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट, अंबाडी असा जंगल कापीत आदिलाबादला आला. मुदखेड ते आदिलाबाद हे अंतर सुमारे १६२ किलोमीटर. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पैनगंगा ओलांडून वणी-माजरीकडे जोडला गेला. बोथ आणि बाजारहत्नूरच्या लोकांना किनवटच्या बाजूने गाडी गाठणे सोयीचे. सागाची लाकडे आणि कापसाच्या गाठी त्या वाटेने गेल्या; मीठ, कापड, रॉकेल त्या वाटेने आले. गँगमन, कीमन, पॉइंट्समन, खलाशी यांची लहान लहान वस्ती प्रत्येक स्टेशनाभोवती वाढली. उन्हापावसात रूळ तपासणाऱ्या या मंडळींची संध्याकाळही बहुधा त्याच झाडांखाली जाई, जेथे गोंड, बंजारे आणि मराठी शेतकरी बसत. तेथे नोकरीचा हुद्दा कोणी विचारीत नसे.

आणि त्याच गाडीने व तिच्याबरोबर झालेल्या रस्त्यांनी आपली माणसेही आली. नांदेड, परभणी, यवतमाळकडील कुणबी, माळी, वाणी, कारकून, मास्तर. जमीन काळी होती आणि स्वस्त होती. ती स्वस्त का होती, याचे उत्तर वर येऊन गेले आहे. कोमरम भीम यांनी जल, जंगल आणि जमिनीसाठी उठाव केला आणि १९४० साली जोडेघाटजवळ ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने या प्रश्नाचा अभ्यास ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविला. गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती कशा गेल्या, हे त्यांनी नोंदवून ठेवले. मार्लवाई येथे त्यांनी गोंड शिक्षकांसाठी केंद्र उघडले आणि गोंडीची वाचनपुस्तके तयार करविली, ती देवनागरी लिपीत. कारण तेथील शिकलेल्या थोड्या गोंडांना मराठीच वाचता येत होती. आपल्या लिपीचा या डोंगरांत असा एक सत्पात्री उपयोग झाला आहे. तो आठवताना जमिनीची गोष्ट विसरू नये. १९५९ चा अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाचा विनियम आणि १९७० ची त्यातील कडक दुरुस्ती ही त्याच गोष्टीची पुढली पाने आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचे सर्कल मुंबई राज्यात गेले. नांदेडकडील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले उलट आदिलाबादला जोडली गेली. बोथ आणि बाजारहत्नूर तेलुगू राज्यात राहिले. नकाशावर ही एक बारीक वळणदार रेघ आहे. परंतु तिने एकेकाळी एकाच जिल्ह्यात असलेले किनवटचे स्टेशन एका राज्यात आणि कडेमचा उगम दुसऱ्या राज्यात टाकला. सोयरिकी तशाच राहिल्या, मात्र दाखले बदलले. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातील लंबाडी अनुसूचित जमातीत आले. पलीकडे महाराष्ट्रात त्यांचेच बंजारा भाऊबंद विमुक्त जातींत गणले जातात.

दारूचेही तेच झाले. पलीकडे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा होता; अलीकडे गुत्ता चालू. पुढे पारडे फिरले. नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा येथील बायकांनी १९९२ साली सारा दारूविरुद्ध उठाव केला, तो आंध्रभर पसरला. १ ऑक्टोबर १९९३ पासून साराविक्री बंद झाली, जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली, आणि १९९७ मध्ये ती सैल झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली व २०२१ मध्ये उठली. रेघेच्या ज्या बाजूस बंदी असेल तिकडून दुसऱ्या बाजूस पावले चालत राहिली. एका गोष्टीत मात्र दोन्हीकडच्या बायकांचे मत कधी बदलले नाही. घरात उरलेले ज्वारीचे पीठ किती, हे त्यांना मोजावे लागते. देवापुढच्या धारेला त्यांचा विरोध नसतो. बाजाराच्या दिवशी रिकाम्या खिशाने परतणाऱ्या माणसाला असतो.

आज जुना सेंदीखाना पूर्वीच्या रूपात शोधू जाल तर मिळणार नाही. हमरस्त्याकाठी परवान्याची, जाळीच्या खिडकीची दुकाने आहेत; तेथे बाटली घेऊन निघून जायचे असते, बसायचे नसते. मोह मात्र नव्या वाटेने परत येत आहे. महाराष्ट्राने २०२१ साली मोहफुलांच्या वाहतुकीवरचे जुने निर्बंध हटविले, आणि आदिलाबादच्या उटनूर भागात आदिवासी बायकांनी मोहफुलांचे लाडू करून विकण्याचा उद्योग उभा केला आहे. गूळ, शेंगदाणे, तीळ आणि मोहफुले. आम्ही ते चाखले. चव खजुराच्या जवळची, मागे थोडा धुरकट दरवळ. जे झाड गुत्त्याच्या वहीत घराण्यांना बुडवीत होते, त्याच झाडाचा पैसा आता फुले वेचणाऱ्या हातांत थेट पडू लागला आहे. हा फरक लाडवाच्या आकाराएवढाच असेल, पण तो खरा आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. गाडीने आदिलाबाद किंवा किनवट गाठावे आणि पुढे मोटारीने जावे. धबधबे पाहायचे असतील तर श्रावण-भाद्रपद, मोह पाहायचा असेल तर चैत्राचा पहिला पंधरवडा आणि पहाट. झाडाखाली वेचणी चालू असेल तर टोपलीला विचारल्याशिवाय हात लावू नये. प्रत्येक झाड कोणाच्या तरी घराचे असते, जरी त्याला कुंपण नसले. आणि बाजारात अवश्य जावे. तेथे आपली मराठी ऐकू येईल, तेव्हा आनंद मानावा, पण ही भाषा येथे पाहुणी म्हणून आली आणि यजमानांनी तिला जागा दिली, हेही ध्यानात असू द्यावे. महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या आपणा सर्वांस एवढे समजणे कठीण जाऊ नये.