सावंतवाडीची कातीव मूठ

मैत्रिणींनो, सावंतवाडीला गेलात तर नुसता मोती तलाव पाहून परतू नका, चितारआळीत जरूर डोकवा. लाकडी फळं, रंगीत खेळणी, पोळपाट-लाटणी! तिथलं एक कातीव लाटणं हाती घेतलं आणि लग्नानंतर सुटलेला छंद मला पुन्हा लागला. माहेरचा छोटा लेथ आणवला. आता घरातल्या कानशी-पटाश्यांना मुठी करते. बिनमुठीची कानस तळव्यात घुसते, बरं का! लाकूड वाळलेलं घ्या. रेषा लांबीतच हव्यात. तोंडाशी पितळी कडी बसवा, म्हणजे मूठ उकलत नाही. कातताना पदर-ओढणी नको, बांगड्याही उतरवा. सासूबाई कुरकुरल्या, पण फिरत्या यंत्राला सौभाग्य कुठलं कळायला? लाटणं आपण जन्मभर फिरवतो; एखादं घडवूनही पाहा.