भारुडातली सून आणि सर्वेक्षणाची नोंदवही

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. त्यामुळे आरोग्याची पाहणी आणि भारूड या माझ्या दोन्ही कामांचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. ही दोन्ही कामे एकत्र करत असल्याने, कला ही संशोधनाच्या निष्कर्षांची दवंडी पिटण्यापुरतीच असते, हा जिल्ह्याच्या दप्तरांतून रूढ असलेला समज मला मुळीच मान्य नाही.

ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढील पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा हवाच होता. त्यावाचून सरकार हलत नाही. परंतु नोंदवही उघडून 'पिशवी का काढली?' असे विचारले, तर 'डॉक्टर म्हणले म्हणून' यापलीकडे उत्तर सहसा येत नाही. लिंबागणेशच्या भालचंद्राच्या देवळाजवळ रात्री भारूड रंगते, कोयता घेतलेली सून मुकादमापुढे मान खाली घालून उभी राहते, आणि तीच अबोल बाई गर्दीतून तिला पढवू लागते, 'अगं, खाडा पडंल की! उचल कोण फेडणार?' मग शेजारणीही बोलत्या होतात आणि फडात ना आडोसा ना पाणी, पाळीतही पहाटेपासून डोक्यावर मोळ्या, हे सारे त्या परक्या सुनेच्या नावावर सांगून टाकतात. आपले दुःख दुसऱ्याच्या मुखाने बोलण्याची ही मुभा गोदाकाठच्या एकनाथांनी या मुलखाला कधीच देऊन ठेवली आहे.

तथापि रंगात आलेला उद्गार म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्या स्त्रीची संमती घेऊन, एकांतात पुन्हा विचारून, कागदपत्रे पडताळूनच तो दाखल होतो. उलटपक्षी, नोंदवहीचा अंमल कलेवरही चालतो: आमच्या भारुडात सहा जणी ऊस तोडतात आणि एकीच्याच हातून कोयता गळतो, कारण पाहणीतले प्रमाण साधारण तेवढेच आहे.

खासगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, हा निर्बंध योग्यच होता. पण त्याने शस्त्र थांबते, खाडा थांबत नाही. बुडालेल्या दिवसाचा तो दंड करारातून काढून टाकावा आणि पाळीच्या दिवसांची विश्रांती मजुरीसह द्यावी, ही मागणी आम्ही आमच्या मागणीपत्राच्या मसुद्यात सर्वांत वर लिहिली असून, त्या कलमाखाली भारुडाच्या रात्री बोललेल्या आणि मागाहून संमती दिलेल्या स्त्रियांचे शब्द, त्यांच्याच बोलीत, एक अक्षरही न बदलता जोडले आहेत.