एकही आवर्तन सारखं नाही

ऑटेकर या इंग्लिश गटाच्या ‘अँटी ईपी’ या छोट्या ध्वनिमुद्रिकेत तीनच रचना आहेत: ‘लॉस्ट’, ‘जारम’ आणि ‘फ्लटर’. वॉर्प रेकॉर्ड्सने ती सप्टेंबर १९९४ मध्ये काढली. वेष्टनावर सील होतं आणि सोबत एक सूचना छापलेली होती. पहिल्या दोन रचनांमध्ये तेच ते ठेके आहेत, ब्रिटनमध्ये तेव्हा येऊ घातलेलं, अशा ठेक्यांच्या संगीताला आळा घालणारं विधेयक मंजूर झालं तर त्या वाजवू नका. तिसरी वाजवायला हरकत नाही, कारण तिच्यातलं कुठलंही आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. तरीही वाजवणाऱ्याने एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ शेजारी ठेवावा. पोलीस आलेच तर त्यांची खात्री पटवायला.

माझ्या हातात ती आली तेव्हा सील कधीच तुटलेलं होतं. पुण्यातल्या हॉस्टेलवर एका मित्राच्या थोरल्या भावाने इंग्लंडहून आणलेली सीडी फिरत होती. सूचना मी आधी वाचली, संगीत नंतर ऐकलं. वाचून वाटलं, एवढी खटपट कशासाठी? नाचाच्या गाण्यात ठेका परत परत येणार नाही तर काय येणार?

ऑटेकर हा शॉन बूथ आणि रॉब ब्राउन या दोघांचा गट. दोघे रॉचडेलचे. गावाचं हे नाव वाचून मी थबकलो, कारण आमच्या घरात ते माझ्या जन्माआधीपासून होतं. वडील जिल्हा सहकारी बँकेत होते. जीडीसी अँड ए परीक्षेची त्यांची पुस्तकं माळ्यावर असायची आणि त्यांत पहिल्याच प्रकरणात रॉचडेल: १८४४ साली टोड लेनवर २८ विणकर-कारागिरांनी उघडलेलं दुकान, भेसळ नसलेलं पीठ आणि खरं माप. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पतसंस्थेच्या जुन्या सचिवाला हे गाव पाठ असतं. माझ्यासाठी ते त्यापुढे ‘फ्लटर’चंही गाव झालं.

कायद्याची गोष्ट मला बरीच उशिरा नीट कळली. मे १९९२ मध्ये इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यात, कॅसलमॉर्टनच्या माळरानावर, आठवडाभर न थांबता संगीत चाललं. २० ते ४० हजार लोक जमले असावेत. आसपासच्या गावकऱ्यांची झोप उडाली, हे खरंच. त्यातून पुढे ‘क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्ट, १९९४’ आला. गप्प राहण्याच्या आरोपीच्या हक्कापासून पोलिसी झडतीपर्यंत बरंच काही त्या एका कायद्यात कोंबलेलं होतं, आणि त्याच्या ६३व्या कलमाने रात्रीच्या उघड्यावरच्या जमावांचा बंदोबस्त केला. कर्णा लावलेलं संगीत, १०० माणसं, रहिवाशांना त्रास, इथवर समजू शकतं. पण संगीत म्हणजे काय हे सांगताना कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला: एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठेक्यांनी ओळखले जाणारे आवाजही त्यात आले.

लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर मी छाती धरून उभा राहिलो आहे. त्रास मला माहीत आहे. म्हणूनच आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम मला जास्त सरळ वाटतात. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. किती मोठा आवाज आणि किती वाजता, एवढंच ते विचारतात. केरवा वाजतोय की दादरा, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. सरकारने ताल ओळखायला बसू नये. ते काम तबलजीचं आहे.

तबला मी लहानपणी शिकलो, म्हणून ‘फ्लटर’ माझ्या हाडात शिरलं. तीनतालाच्या मात्रा १६. ड्रम मशीनवरही बहुधा सोळा घरांची एक ओळ असते. घरं भरायची, कळ दाबायची, यंत्र ती ओळ अविरत फिरवत राहतं. फिरवणं हा त्या यंत्राचा स्वभावच. या दोघांनी त्या स्वभावाविरुद्ध जाऊन ओळींमागून वेगळ्या ओळी लिहिल्या आणि त्या एकापुढे एक जोडल्या. जवळपास १० मिनिटं. कुठे एक घाव सरकतो, कुठे एक गळतो, कुठे दोन दाटीने पडतात. ठेका सापडला म्हणेपर्यंत तो बदललेला असतो, आणि तरीही पाय थांबत नाही. वर सिंथचे संथ सूर तरंगत असतात. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा चालू असतो, त्याच्या भरवशावर वाजवणारा तबल्यातला ‘कायदा’ उलगडत दूर जातो, तसं काहीसं. आमच्या गुरुजींना मी एकदा ते ऐकवलं. मांडीवर बोटं मोजत ते सम शोधत राहिले. मग म्हणाले, “लेहरा शांत आहे रे. वाजवणारा मात्र अस्वस्थ आहे.”

निषेधाची गाणी तेव्हा इतरांनीही केली. ऑर्बिटलने तर विधेयकाच्या नावाने काही मिनिटांची निव्वळ शांतता मुद्रित केली. ऑटेकरचं उत्तर मला त्यांच्याहून वरचं वाटतं, कारण ते कारागिराचं आहे. घोषणा नाही, संताप नाही. कायद्याची व्याख्या घ्यायची, ती घरोघर तपासायची आणि तिच्या बरोबर बाहेर उभं राहून नाचता येईल असं काहीतरी घडवायचं. विक्रीचा नफा ‘लिबर्टी’ या नागरी हक्कांच्या संस्थेला जायचा होता.

पुढे नोकरीमुळे मँचेस्टरला राहिलो, तेव्हा रॉचडेलला गेलो. टोड लेनवरच्या त्या दुकानाचं आता संग्रहालय आहे. वडिलांसाठी तिथला काउंटर आणि तराजू डोळ्यांत साठवले, कानात ‘जारम’ चालू होतं. वॉर्पची सुरुवातही १९८९ मध्ये शेफील्डच्या एका रेकॉर्डच्या दुकानातूनच झाली होती. दुसऱ्याच्या दुकानात हवं ते मिळत नाही, मग आपलं उघडू, ही जिद्द दोन्हींकडे होती. वडिलांना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, “आणि सभासद कोण?” मी म्हटलं, “ऐकणारे.” त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या हिशेबी सहकारात भागभांडवलाशिवाय सभासद नसतो.

आता वयाबरोबर माझी आवड पहिल्या दोन रचनांकडे वळली आहे. ‘फ्लटर’चं कौतुक सगळे करतात, मीही करतो. पण तीनपैकी दोन रचना त्यांनी मुद्दाम पुनरावृत्तीच्याच ठेवल्या आणि त्याच आधी ठेवल्या, हे मला हल्ली जास्त महत्त्वाचं वाटतं. पंढरीच्या वाटेवर टाळ तोच एक ठेका दिवसभर धरतात, आणि त्याच्याच आधाराने माणसं चालतात. ‘लॉस्ट’ ऐकताना मला तो आधार मिळतो. विधेयक नोव्हेंबर १९९४ मध्ये कायदा झालं, २००३ मध्ये उघड्यावरच्या जमावासाठीची १०० माणसांची अट २० वर आणली गेली, आणि ६३वं कलम अजून आहे. ‘लॉस्ट’ मी घरी वाजवतो, मोठ्याने, रात्री दहाच्या आत.