रडलं नाही म्हणजे…

‘सोप्या भाषेत आणि शक्यतो हलकंफुलकं,’ असं संपादकांनी बजावलं होतं. विषय नवजात बाळांच्या वेदनेचा. सोपं लिहायचा प्रयत्न करते, हलक्याफुलक्याचं सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागात तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं एक बाळ होतं. रक्तातली साखर बघायला टाच टोचली. आई शेजारीच उभी. म्हणाली, “मॅडम, हा रडलाच नाही. दुखत नाही ना त्याला?” मी म्हटलं, “नाही हो.” खोटं बोलले. त्याची बोटं ताठ फाकली होती, डोळे गच्च मिटलेले आणि मॉनिटरवर ऑक्सिजन 94 वरून 86 वर उतरला होता.

रडायलासुद्धा ताकद लागते. कमी दिवसांच्या बाळाकडे ती नसते. म्हणून त्यांची वेदना मोजायला आम्ही जी ‘पिप’ नावाची मोजपट्टी वापरतो, तिच्यात रडण्याला गुणच नाहीत. गर्भवय, जाग, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, भुवया, डोळे आणि नाकाकडून ओठांकडे येणारी घडी, एवढंच बघायचं.

आमच्या आधीच्या पिढीला शिकवलं गेलं की तान्ह्याच्या नसांवर मायलिनचं आवरण पुरतं चढलेलं नसतं, म्हणून त्याला वेदना कळत नाही. अहो, वेदना नेणारे कितीतरी तंतू तुमच्याआमच्या अंगातही विनाआवरणाचेच असतात! उलट मेंदूकडून खाली येणारा, वेदना दाबणारा बंदोबस्त बाळात अजून कच्चा असतो. पण समजूत चिवट होती. 1985 मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळची शस्त्रक्रिया केवळ स्नायू लुळे करणाऱ्या औषधावर झाली. भूल नाही. ते हलू शकत नव्हतं, रडू शकत नव्हतं. आईला हे कळलं ते बाळ गेल्यावर. इंदूरला एमबीबीएस झालेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की अशा बाळांना नीट भूल दिली तर शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचा मला राग येतो.

आता माझं आवडतं भांडण. टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेच्या टोकावर 24 टक्के साखरपाण्याचे थेंब द्यायचे, ही आमची रूढ पद्धत. बाळ कमी रडतं, चेहरा कमी आक्रसतो. पण 2010 मध्ये लंडनच्या संशोधकांनी टाच टोचताना बाळांच्या मेंदूतल्या लहरी नोंदवल्या. साखर मिळालेल्या आणि नुसतं पाणी मिळालेल्या बाळांत वेदनेची लहर सारखीच निघाली. चेहरे तेवढे शांत. मग आपण वेदना कमी केली की तक्रार? माझे सहकारी म्हणतात, “शांत झालं ना? मग पुरे.” त्या अभ्यासातली बाळं थोडी होती, लहर म्हणजेच वेदना असंही नाही, हे सगळं मान्य. मीही साखर देतेच. फक्त ती दिल्यावर मी निर्धास्त होत नाही. जेफ्री लॉसनही शांतच होता.

बरं, साखरेचं नाव काढावं तर घरी आजी गुळाचं पाणी नाहीतर मधाचं बोट घेऊन तयार. आमचे थेंब मोजून, टोचण्यापुरतेच असतात. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम या आजाराचे जंतू जाऊ शकतात. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्या आवाजात चीड येते.

आईचं अंग, आईचं दूध यांना मात्र तोड नाही. ऑक्सफर्डच्या गटाने 2018 मध्ये दाखवलं की सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर या गतीने कुरवाळलं तर बाळाच्या मेंदूतली तीच लहर खरोखर उतरते. त्या गतीने हात फिरवायला कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते आम्हाला. टोचताना आम्ही तिला “जरा बाहेर थांबा” म्हणतो. तेही, घाई असते म्हणून.

तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या त्या मुलाला पुढच्या वेळी टोचलं तेव्हा आईने त्याला छातीशी धरलं होतं. ऑक्सिजन तरीही उतरला, 90 पर्यंत.

तुमच्या घरात तान्हं असेल तर दीड महिन्याच्या लसीला जाताना सिस्टरना आधीच सांगून ठेवा: “मी बाळाला अंगावर घेते, ते नीट ओढायला लागलं की मगच टोचा.” कुणी कटकट केली तरी उठू नका.