तापमापकाची तबकडी

यंत्र बरोबर चालत असूनही माणसाशी अबोला धरू शकते, हे आम्हांस बोथ येथील आमच्या घराच्या पडवीत उमगले.

आदिलाबाद जिल्ह्यातील आमची थंडी कडक. पौषातल्या पहाटे पारा कधीकधी दहा अंशांखाली उतरतो. दुपारी मात्र ऊन चटका देते. अशा दिवसांत गुळाचे पाणी आंबवून घरचा शिरका करणे ही कसोटीच. आमच्या मातोश्री हे काम बरणीला तळहात लावून करीत. वय झाले, तळव्यांची जाण मंदावली. म्हणून हैदराबादेत शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने नाताळच्या सुटीत एक लाकडी पेटी करून दिली. बरणीत तापमापकाची सळई, पेटीत विजेचा दिवा आणि बाहेर लहानशा पडद्यावर तबकडी व काटा. ऊब कमी झाली की दिवा आपोआप पेटे, वाढली की विझे. ऊन चढल्यास पेटी सावलीत नेणे, एवढेच माणसाकडे राहिले.

गूळ आंबविणाऱ्या यीस्टला साधारणतः २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. चाळिशीच्या आसपास ते कोमेजते. आमचेही तसेच झाले. दुपारचे ऊन पेटीवर येत राहिले, फेस बसला, उग्र दर्प सुटला आणि सारे ओतून द्यावे लागले.

संक्रांतीस आलेला पुतण्या म्हणाला, "आजी, काटा समोर असताना तू पाहिलेच नाहीस?" मातोश्री गप्प राहिल्या. आम्हीही, सांगण्यास लाज वाटते, त्याचीच री ओढली. रात्री त्या हळूच म्हणाल्या, "रोज पाहत होते रे बाळा. काटा जागचा हलतच नव्हता."

तेव्हा आम्ही तबकडीसमोर जाऊन बसलो. रुपयाएवढे वर्तुळ, त्यावर ० पासून १०० पर्यंत खुणा. २८ वरून ४० वर जाताना काटा तांदळाच्या दाण्याएवढाही सरकत नव्हता. तोही करडा, करड्याच पार्श्वभूमीवर!

खुणा काही आकाशातून पडलेल्या नाहीत. स्वीडनच्या सेल्सियसने १७४२ मध्ये आपले मोजमाप मांडले, तेव्हा पाणी उकळण्यास ० व गोठण्यास १०० अंश धरले होते. पुढे लोकांनी ते उलटे केले. उष्णतेच्या सूक्ष्म मोजमापासाठी ख्यातनाम झालेला जूल हा तर इंग्लंडातील एका मद्यउत्पादकाचा मुलगा. मोजणाऱ्याच्या सोयीने खुणा बदलतात. मग वाचणाऱ्याच्या सोयीने का बदलू नयेत?

पुतण्याने दुसऱ्याच दिवशी तबकडी नव्याने आखली. आता ती १५ पासून ४५ पर्यंतच, पण पडदाभर. २५ ते ३० हिरवा पट्टा, ३५ च्या पुढे तांबडा. काटा जाड व काळा, आकडे देवनागरी, दशांश काढून टाकलेले. तांबड्यात काटा शिरताच घंटी वाजते.

दुसरी बरणी साधली. गूळ आंबून झाल्यावर तोंडाला फडके बांधून तिला वारा दिला, आणि यथावकाश उत्तम शिरका उतरला. पहिली वाटी पुतण्याने आजीपुढे ठेवली व तिची क्षमा मागितली. आम्हीही मागितली.

घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती नवे यंत्र देताना, वाचकहो, आधी त्यांच्या जागी बसून ते एकदा पाहावे. चूक डोळ्यांची की तबकडीची, हे तेथूनच कळते.