भाच्याचं पाण्यातलं घड्याळ

आमची थोरली बहीण बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात दिली. मेहुणे तेव्हा नोकरीनिमित्त फोंड्याला होते, त्यातून हे लग्न जमलं. समुद्राच्या आवाजात वाढलेली पोर दख्खनच्या पठारावर गेली याचं आईला फार वाईट वाटायचं. "पाणी तरी दिसतं का गो तिकडे?" असं ती दर पत्रात विचारी.

पाणी होतं, पण ते जमिनीखाली. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. सीमा अशी घरांमधून आणि शेतांमधून गेली, पण विहिरींची रीत दोन्हीकडे एकच राहिली. तिथली मुलं विहिरीतच पोहायला शिकतात. आधी पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, मग डबा सोडायचा, आणि पुढे काठावरून सूर मारून तळ गाठायचा. तळ गाठल्याचा पुरावा म्हणून मुठीत गाळ आणून दाखवावा लागतो, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही!

बीदर शहरालगत नौबादला बहामनी काळातलं करेझ आहे. खडकातून खोदलेला पाण्याचा बोगदा आणि त्यावर ओळीनं उभ्या विहिरी, अशी ही रचना. इराणकडची ही विद्या पंधराव्या शतकात दख्खनमध्ये आली. तिथले लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. झरणी नरसिंहाच्या गुहेत तर देवदर्शनालाच छातीभर पाण्यातून जावं लागतं. माझा भाचा लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्या पाण्यातून गेलेला आहे. तेव्हा आईला काय ठाऊक, की तिच्या नातवाला पाण्याचं भय असं उरणारच नाही.

हा भाचा नोकरीसाठी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आला आणि वर्षभरात ग्रँड बेटाजवळ स्कूबाचा पहिला कोर्स करून मोकळा झाला. मी बरीच वर्षं हौसेनं बुड्या मारत आलो आहे, त्यामुळे बहिणीचा फोन मलाच आला. "दादा, त्याला सांभाळ रे बाबा, तो विहिरीतला आहे." पुढच्या रविवारी तो स्वतःच आला. पहिला बोनस हातात आला होता आणि त्याला डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचा होता. तीन नावं कागदावर लिहून आणली होती : क्रेसीचा लिओनार्दो, मारेसचा पक प्रो आणि शिअरवॉटरचा पेरेग्रिन.

"मामा, मला सांगा, ह्याची गरज काय हो? मी आमच्या विहिरीत तळाला जाऊन येतो की. घड्याळ कधी लागलं नाही."

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर नीट कळल्याशिवाय कुणीही हे यंत्र विकत घेऊ नये असं मला वाटतं, म्हणून ते इथं सविस्तर लिहितो.

विहिरीत आपण छातीभर हवा घेऊन खाली जातो आणि तीच घेऊन वर येतो. श्वास संपला की शरीर आपोआप वर ढकलतं. म्हणजे हिशोब ठेवणारं घड्याळ छातीतच असतं. स्कूबात पाठीवर टाकी असते, त्यामुळे ते घड्याळ बंद पडतं. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १८ मीटरवर तो २.८ पट होतो आणि टाकीतली हवा त्याच दाबानं आपल्याला मिळते. त्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत राहतो. दुखत नाही, खुपत नाही, काहीच जाणवत नाही. भरकन वर आलं की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा तो बुडबुड्यांनी बाहेर पडू लागतो. सांधे धरतात, हातपाय बधिर होतात आणि गंभीर प्रकारात लकवाही होतो. यालाच पाणबुडे 'बेंड्स' म्हणतात.

हा हिशोब पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडला ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी, १९०८ साली, बोकडशेळ्यांवर प्रयोग करून. शरीराचे काही भाग नायट्रोजन लवकर घेतात, काही सावकाश, हे त्यांनी धरलं आणि त्यावरून तक्ते केले. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराचे सोळा कप्पे कल्पून तोच हिशोब बारीक केला. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, तिथले पाणबुडे उतरतात ते डोंगरातल्या तळ्यांत. त्यामुळे उंचीवरच्या विरळ हवेचा विचार ब्यूलमान यांना करावाच लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आमच्या कामाला येणार आहे.

कोर्समध्ये शिकवतात त्या पाडीच्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात. पण तक्ता असं धरतो की तुम्ही सगळा वेळ तळालाच होता. कॉम्प्युटर मात्र दर काही सेकंदांनी दाब मोजतो आणि तुम्ही खरोखर किती खोल, किती वेळ होता त्यावरून उरलेली मिनिटं सांगतो. वर फार वेगानं आलात तर ओरडतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा असं सांगतो. दुसऱ्या बुडीला पहिल्या बुडीचा शिल्लक नायट्रोजन धरतो. म्हणूनच तो दोघांत मिळून चालत नाही. सकाळी एकानं वापरलेला दुपारी दुसऱ्यानं बांधला तर हिशोब भलत्याचाच होतो.

मग घ्यायचा कोणता? मी भाच्याला चारच गोष्टी पाहायला सांगितल्या. पहिली, आकडे. आपल्या गोव्याचं पाणी गढूळ, कधीकधी दोन-तीन मीटरपलीकडे दिसत नाही. तिथं उरलेली मिनिटं एका नजरेत वाचता आली पाहिजेत. दुसरी, बटणं. कमी असली तर गोंधळ कमी. लिओनार्दो आणि पक प्रो दोन्ही एकाच बटणावर चालतात. तिसरी, बॅटरी. ती घरी बदलता आली तर ऐन हंगामात यंत्र दुरुस्तीला धाडावं लागत नाही. चौथी, नायट्रॉक्सची सोय. आज लागत नाही, पण पुढचा कोर्स केला की लागते. पेरेग्रिनचा रंगीत पडदा सुंदर आहे, हिशोबही ब्यूलमान यांचाच, पण पहिल्या यंत्रासाठी तेवढा खर्च हवाच असं नाही. टाकीतली हवा मनगटावर दाखवणारी महाग मॉडेलं तर राहू द्यावीत. टाकीला प्रेशर गेज असतोच, तो बघायची सवय आधी लागू दे.

"मोबाईलसारखं दोन वर्षांनी बदलायचं नाही की हो हे?" त्यानं विचारलं. नाही बाबा, नीट धुऊन ठेवलंस तर बरीच वर्षं चालेल. त्यानं एकबटणी साधा घेतला.

खरी परीक्षा आली ती २०२५च्या दिवाळीत. नरकचतुर्दशी सोमवारी होती. भाच्यानं रविवारी दोन बुड्या ठरवल्या होत्या आणि त्याच संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलं होतं, पहाटेच्या अभ्यंगस्नानाला घरी पोचायचं म्हणून. दुपारी एकच्या सुमारास दुसरी बुडी आटोपली. यंत्रावर विमानाचं बारीक चित्र दिसत होतं आणि शेजारी तास.

"मामा, मी विमानानं कुठं चाललोय? बसनं चाललोय की!"

आता ब्यूलमान यांची तळी आठवा. शरीराला विमान आणि बस कळत नाही, त्याला हवेचा दाब कळतो. चोर्ला घाट चढून बेळगावला पोचलं की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असतो आणि हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी उतरलेला असतो. पुढे कलबुर्गी सुमारे साडेचारशे मीटरवर, आणि बीदर पुन्हा दोन हजार फुटांच्या वर. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेचा विमानप्रवासाचा सल्ला नेमका दोन हजार फुटांपासूनच लागू होतो : एकच साधी बुडी असेल तर निदान १२ तास थांबा, एकाहून जास्त असतील तर १८. म्हणजे किनाऱ्यावर बुडी मारून पठारावर घरी जाणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे. त्यात रात्रीच्या बसमध्ये गुडघा दुखला तर माणूस म्हणतो, सीटच तशी होती. आणि दाबाच्या खोलीत घालून उपचार करणारं इस्पितळ काही वाटेवरच्या प्रत्येक गावात नसतं.

पोरगा गप्प झाला. घरी आई उटणं भिजवून बसणार होती. त्याची आजी, म्हणजे मेहुण्यांची आई, नव्वदीला टेकलेली. तिच्या हातचं तेल अंगाला लागणं आणखी किती दिवाळ्या मिळणार, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं. मी त्याला "नको जाऊ" म्हटलं नाही. यंत्र त्याच्या मनगटावर होतं, निर्णय त्याचा होता. थोड्या वेळानं त्यानंच फोन काढला आणि सोमवारी सकाळची गाडी पाहिली.

पहाटे आमच्या वाड्यावर नरकासुर जळाला, तो पाहून पोरगा हरखला. मग आंघोळ, पाच प्रकारचे फोव आणि आठची बस. बुडीनंतर एकोणीस तास झाले होते, घाट लागेपर्यंत वीस उलटले असतील. रात्री उशिरा घरी पोचला. मंगळवारी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आजीनं त्याला पाटावर बसवून तेल लावलं. नरकचतुर्दशी एक दिवस उशिरा झाली म्हणून तिच्या हिशोबात काही बिघडलं नाही.

बहिणीचा फोन आला. "दादा, त्याच्या हातातल्या त्या डबड्यानं म्हणे त्याला अडवलं?" मी म्हटलं, डबडं कुणाला अडवत नाही, ते नुसतं सांगतं. तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाचा, पुतण्या बेळगाव, कोल्हापूर, बीदरहून इथं बुडी शिकायला येत असेल, तर यंत्राच्या किमतीबरोबर त्याला परतीच्या बसची वेळही विचारा.